राखाडी माणसांच्या बाजूने

पोटासाठी मी इतरांचे हिशेब तपासते. लोक खर्च करतात, मी कागद मागते. कागद नसेल तर कारण मागते, कारण पटलं नाही तर शेरा मारते. आणि रात्री ड्रॅगन, चेटके, बोलणारी झाडं आणि शापित अंगठ्या असलेल्या कादंबऱ्या वाचते. या दोन्ही गोष्टी एकदम कळल्या की लोक काय म्हणणार ते मला पाठ आहे. "दिवसभराच्या रुक्षपणावर उतारा, नाही का?" मी मान डोलावते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि लिफ्टमध्ये ते पुरं होत नाही.

खरं उत्तर असं, की या कादंबऱ्या मला हिशेबासाठीच आवडतात.

टोल्कीन यांचं 'द हॉबिट' घ्या. १९३७ साली आलेलं पुस्तक, तेही मुलांसाठी. तेरा बुटके बिल्बो नावाच्या एका घरबशा हॉबिटला (हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीची, बिळात राहणारी जमात) चोर म्हणून कामावर ठेवतात, आणि निघायच्या सकाळी घड्याळाखाली त्याच्यासाठी एक पत्र ठेवून जातात. त्यात अटी आहेत. एकूण नफ्याच्या जास्तीत जास्त एक चौदांश हिस्सा, तोही नफा झालाच तर. प्रवासखर्च काहीही झालं तरी मिळेल. अंत्यविधीचा खर्च, तशी वेळ आली आणि दुसरी काही सोय झालेली नसली तर, कंपनीकडून. पहिल्यांदा वाचताना हे नुसतं गमतीचं वाटलं होतं. नोकरीत करारनामे वाचून डोळे जून झाल्यावर पुन्हा वाचलं, आणि मसुदा लिहिणाऱ्याला दाद द्यावीशी वाटली. 'झालाच तर' हे दोन शब्द घालायला अनुभव लागतो. (हा नफा खर्च वजा जाता की त्याआधीचा, हे मात्र लिहिलेलं नाही. मी तिथे पेन्सिलीने खूण केली असती.)

हे कलम नुसती सजावट म्हणून आलेलं नाही. पुढे ड्रॅगनने बळकावलेला डोंगराखालचा खजिना हाती येतो, बुटके दार लावून बसतात, बाहेर माणसं आणि एल्फ वेढा घालतात, आणि युद्ध पेटायची वेळ येते. तेव्हा बिल्बो त्या खजिन्यातलं सर्वांत मौल्यवान रत्न गुपचूप शत्रूच्या हाती देतो, म्हणजे त्यांच्याकडे घासाघीस करायला काहीतरी असेल. आणि ही चोरी नव्हे, हा माझाच चौदावा हिस्सा, असा त्याचा युक्तिवाद असतो. कथेचा सगळा पेच त्या घड्याळाखालच्या कागदावर येऊन टेकतो. शेवटी तो दोन लहान पेट्या घेऊन परततो, एक सोन्याची, एक चांदीची. घरी पोचतो तर त्याला मृत समजून सामानाचा लिलाव चाललेला. स्वतःच्याच खुर्च्या त्याला विकत घ्याव्या लागतात आणि चांदीचे बरेचसे चमचे कधीच परत मिळत नाहीत. ड्रॅगन मेल्यानंतरही चमच्यांचा हिशेब ठेवणारा लेखक मला माझ्या जातकुळीचा वाटतो.

आणि होताही तो तसा. टोल्कीन ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते, पण घरखर्चाला हातभार म्हणून उन्हाळ्यात शालेय परीक्षेचे पेपर तपासत. असेच पेपर तपासताना एका विद्यार्थ्याने कोरं सोडलेलं पान समोर आलं, आणि त्यावर त्यांनी जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या हॉबिटबद्दलचं ते पहिलं वाक्य लिहिलं. ही गोष्ट प्रतिभेच्या अचानक स्फुरणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. ज्याने कधी ढीगभर कागद तपासलेत त्याला कोऱ्या पानाचा आनंद सांगावा लागत नाही.

याच टोल्कीननी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं. अद्भुतकथा म्हणजे पळपुटेपणा, या आरोपाला त्यात त्यांचं उत्तर आहे. कैद्याने तुरुंगातून सुटायची धडपड करणं आणि शिपायाने रणांगणातून पळणं यांत फरक आहे, आणि टीकाकार हे दोन एकच समजतात. उत्तर झकास आहे, माझ्यासारख्या वाचकांनी शंभर ठिकाणी वापरलेलं आहे. पण मला ते आताशा पुरत नाही. माझं ऑफिस तुरुंग नाही. तिथे माणसं बरी आहेत, काम जमतं. कमतरता एवढीच, की कुठल्याही आकड्यामागे नेमकं कोण खर्ची पडलं ते कागदावर दिसत नाही. अमुक विभागाने इतकी बचत केली, असं एका ओळीत येतं. त्या बचतीसाठी कोण रात्री उशिरापर्यंत बसलं, कोणाची बदली झाली, कोणी कुठलं औषध पुढच्या महिन्यावर ढकललं, याला रकाना नसतो. चांगल्या फँटसीत नेमका तोच रकाना असतो.

अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये, १९६८ सालच्या, हा रकाना सर्वांत कडक आहे. अर्थसी म्हणजे बेटांचं एक काल्पनिक जग. गेड नावाचा बकऱ्या राखणारा पोरगा ओगियन या थोर चेटक्याचा शिष्य होतो. दोघे पायी निघतात, पाऊस लागतो. गेडला वाटतं, गुरुजी आता मंत्र म्हणून ढग हाकलतील. गुरुजी गप्प, झाडाखाली आडोसा बघून झोपतात. लेखिका तिथे सहज सांगून जाते, की जिथे चेटके फार असतात त्या मुलखात एखादा पावसाचा ढग याने तिकडे ढकललेला, त्याने पलीकडे ढकललेला, असा भटकत राहतो आणि शेवटी बिचारा समुद्रावर जाऊन निवांत बरसतो. हा ढग मी ओळखते. तो आमच्याकडे मेलच्या रूपात येतो. 'आपल्या माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी' असं म्हणत तो चार विभागांवरून फिरतो, आणि कुठे तरी एका नव्या लागलेल्या मुलाच्या टेबलावर कोसळतो.

पुढे रोक बेटावरच्या शाळेत गेडला शिकवतात, की रोकवर पाडलेला पाऊस हा ऑस्किल बेटावरचा दुष्काळ असू शकतो. मी हे वाक्य ऑफिसात मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलंय, की ते आता जपासारखं झालंय. सगळ्यांच्या वापरातल्या शीटमध्ये आपल्या सोयीसाठी एक रकाना वाढवायचा मोह होतो. वाढवता येतो, अधिकारही असतो. पण त्या शीटवर ज्यांची दुसरी सहा शीटं उभी आहेत ते कुठल्या बेटावर बसलेत, हे माहीत नसतं. मी ओगियनसारखी पावसात भिजत बसते. सहकारी त्याला आळस म्हणतात, आणि कधीकधी तो आळसच असतो.

गेडला अर्थातच शिकवण पचत नाही. एका गर्विष्ठ सोबत्याला दाखवून द्यायचं म्हणून तो मेलेल्या व्यक्तीचा आत्मा बोलावतो. जगाला भोक पडतं, त्यातून एक सावली आत येते. हे भोक बुजवताना शाळेचे वृद्ध प्रमुख नेमर्ल आपली सगळी शक्ती ओततात आणि मरतात. बढाई एकाची, किंमत दुसऱ्याने चुकवली, आणि कादंबरी ही नोंद शेवटपर्यंत पुसत नाही. गेडच्या चेहऱ्यावर व्रण राहतो. ज्या जादूची किंमत कोणीच देत नाही अशा कादंबऱ्याही भरपूर आहेत, जाडजूड आहेत, खपतातही. त्या मी सोडून देते. जमाच जमा आणि खर्चाची बाजू कोरी दिसली की धंद्यातल्या माणसाला झोप येत नाही, वाचक म्हणूनही येत नाही.

टोल्कीन यांच्याच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या लढाया मी विसरते. कुठल्या वेशीवर कोण पडलं हे मला दर वेळी नव्याने कळतं. पण सॅमची भांडी कधी विसरत नाही. सॅम गॅमजी म्हणजे माळी. तो आपल्या मालकाबरोबर, फ्रोडोबरोबर, जगाचा विनाश टाळायला निघतो तेव्हा पाठीवर स्वयंपाकाची भांडी आणि मिठाची छोटी डबी घेतो. इथिलियनमध्ये तो सशाचा रस्सा रांधतो, खाऊन झाल्यावर भांडी घासायला ओढ्यावर जातो. पुढे मॉरडॉरमध्ये, शत्रूच्या ओसाड मुलखात, पाणी संपत आलेलं, मालकाला चालवत नाही, ओझं कमी करायचं ठरतं. फ्रोडो ढाल-शिरस्त्राण फेकून देतो, त्याचं त्याला काही वाटत नाही. सॅम भांडी एका भेगेत टाकतो, आणि ती खाली खणखणत जातात तो आवाज त्याच्या काळजात मृत्यूच्या घंटेसारखा वाजतो. खातेवहीत आम्ही एका ओळीत लिहितो, 'वापरातून बाद'. टोल्कीन तिथे थांबतात. परतीच्या प्रवासात आता रांधायचं काही उरलेलं नाही, हे सॅमला त्या आवाजातून कळतं आणि आपल्यालाही.

सुझॅना क्लार्क यांचंही थोडक्यात सांगते. त्या पाककृतींच्या पुस्तकांचं संपादन करायची नोकरी करत होत्या आणि उरलेल्या वेळात 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' लिहीत होत्या. ते २००४ साली आलं, सुमारे दहा वर्षांनी. त्यात नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्ट्रेंज हा जादूगार इंग्रज सेनापती वेलिंग्टनकडे जातो आणि काय काय अद्भुत करता येईल ते सांगतो. वेलिंग्टनला त्यातलं काही नको असतं. त्याला रस्ते हवे असतात. चिखलातून तोफा पुढे नेता येतील असे चांगले, कोरडे रस्ते. मग स्ट्रेंज रस्ते करतो, आणि सैन्य पुढे गेलं की ते नाहीसे होतात. काम मागणाऱ्याला नेमकं काय हवंय ते कळणं, यावर मी वाचलेलं हे सर्वांत चांगलं प्रकरण.

आता अडचणीच्या भागाकडे येते. मी ज्यांच्यावर इतकं प्रेम करते त्या पुस्तकांना माझ्यासारखी माणसं आवडत नाहीत.

मिखाएल एंडे यांची 'मोमो' ही कादंबरी, १९७३. शहरात राखाडी माणसं शिरतात. राखाडी कपडे, राखाडी चेहरे, राखाडी बॅगा, तोंडात चिरूट. ती टाइम-बँकेचे एजंट असतात. फुझी नावाच्या न्हाव्याकडे एक जण येतो आणि आरशावर आकडे मांडतो. सत्तर वर्षांचं आयुष्य म्हणजे २,२०,७५,२०,००० सेकंद. त्यातून झोप वजा, काम वजा, म्हाताऱ्या आईशी गप्पा मारलेला वेळ वजा, पाळलेल्या पोपटाचा वजा, एका अपंग बाईंना रोज फूल नेऊन देतो त्याचा वजा. खाली बाकी शून्य. न्हावी हादरतो आणि वेळ वाचवायला लागतो.

हे प्रकरण वाचताना मला फुझीइतकंच खजील व्हायला झालं होतं, कारण ती बेरीज-वजाबाकी मांडायची पद्धत माझी होती. पण नंतर धंद्याची नजर जागी झाली. हा हिशेब खोटा आहे. एजंटने प्रत्येक खर्च तोटा म्हणून लिहिलाय, त्या खर्चातून काय मिळालं हा रकानाच काढून टाकलाय. आणि फुझी विचारतो, की मला कुठे सही करायची नाही का, काही कागद मिळणार नाही का, तर एजंट म्हणतो, छे, हा पूर्ण विश्वासाचा मामला आहे. पावती नाही! कुठलाही ऑडिटर तिथेच हात वर करून थांबला असता. एंडे यांना हिशेबनीसांची चीड होती असं मला वाटत नाही. राखाडी माणसं हिशेबनीस नसून तोतये आहेत, असं माझं मत आहे. स्वार्थी मत आहे, पण पुस्तकात त्याला आधार आहे.

त्याच पुस्तकात बेप्पो हा झाडूवाला आहे. त्याचं म्हणणं कामाच्या जागी वारंवार ऐकवलं जातं: अख्खा रस्ता एकदम डोळ्यांपुढे आणू नये, फक्त पुढचं पाऊल, पुढचा श्वास, झाडूचा पुढचा फटकारा. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर मी ते पाहिलंय, खाली सूर्योदयाचं चित्र. स्लाइड करणारे पुढचं सांगत नाहीत. मोमो, कादंबरीची नायिका आणि बेप्पोची छोटी मैत्रीण, नाहीशी झाल्यावर राखाडी माणसं बेप्पोला सांगतात, की तिची सुटका हवी असेल तर एक लाख तास वाचवून आण. मग हाच बेप्पो रात्रंदिवस, धापा टाकत, कामावर जराही जीव न लावता रस्ते झाडत सुटतो. आपण आपल्याच कामाशी दगाबाजी करतोय हे त्याला कळत असतं, आणि तरीही तो थांबत नाही, कारण पोरीचा जीव अडकलाय. शांतपणे झाडण्याचं तत्त्वज्ञान मानेवर खंडणी नसलेल्याला परवडतं. हा भाग स्लाइडवर घेतला तर प्रशिक्षण लवकर आटोपेल.

टेरी प्रॅचेट यांनी तर खलनायकांना सरळ 'ऑडिटर्स' हेच नाव दिलं. डिस्कवर्ल्ड मालिकेतले हे ऑडिटर म्हणजे राखाडी झगे, आत कोणी नाही. विश्वाचे नियम नीट पाळले जातात की नाही हे ते बघतात, आणि जिवंत गोष्टींचा त्यांना तिटकारा, कारण जिवंत गोष्टींमुळे नोंदी बिघडतात. त्यांच्यातला एखादा चुकून 'मी' म्हणाला की नाहीसा होतो. (आमच्या अहवालातही 'मी' चालत नाही, 'असे निदर्शनास आले' असं लिहावं लागतं. त्यामुळे पहिल्या वाचनात हसू जरा अडकलं.) प्रॅचेट स्वतः १९८७ पर्यंत ब्रिटनच्या वीज उत्पादन मंडळात प्रसिद्धी अधिकारी होते, अणुवीज केंद्रांबद्दल पत्रकारांना उत्तरं देणं हे त्यांचं काम. तेव्हा या माणसाला कार्यालयं आतून माहीत होती.

१९९१च्या 'रीपर मॅन'मध्ये हे ऑडिटर मृत्यूला नोकरीवरून काढतात. कवटी, काळा झगा, कोयता असलेला तो मृत्यू. आरोप असा की त्याच्यात व्यक्तिमत्त्व आलंय. मग रिकामा झालेला मृत्यू बिल डोअर हे नाव घेऊन एका वयस्क बाईंच्या, मिस फ्लिटवर्थ यांच्या शेतावर कापणीला लागतो. कोयता चालवण्यात त्याचा हात कोण धरणार? पण त्या त्याला गवत कापताना पाहतात तर तो एका वेळी एकच पातं कापतोय. एक पातं, मग दुसरं पातं. वेग अफाट, पण दर पात्याला वेगळा घाव.

हे दृश्य वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. तपासणीचे आमच्याकडे दोन मार्ग. एक, नमुन्यादाखल काही व्हाउचर उचलायची आणि त्यावरून सगळ्याचं अनुमान काढायचं. दुसरा, एकूण एक कागद पाहायचा. दुसरा मार्ग महाग, वेळखाऊ आणि बहुतेकदा अनावश्यक. तरुणपणी एका वरिष्ठ बाईंच्या हाताखाली तो मी शिकले. त्या प्रत्येक बिलावरचं नाव वाचत, हळू आवाजात, ओठ हलवत. आकडा बरोबर असला तरी नाव वाचायच्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, माणूस आहे ना तो." मला ते वेडेपण वाटलं, आणि कामाचा उरक म्हणून पाहिलं तर ते वेडेपण होतंही. प्रॅचेटचे ऑडिटर सगळं मोजतात आणि मृत्यूही सगळं मोजतो. त्या एका पात्यापाशी दोघांच्या मोजण्यातला फरक दिसतो. त्याच कादंबरीत शेजारी कापणीचं यंत्र येतं, सगळं पीक एका सपाट्यात कापणारं, आणि बिल डोअरला ते पाहवत नाही. अर्थात मिस फ्लिटवर्थ यांच्यासारख्या एकट्या बाईला ते यंत्र सोयीचंच पडलं असतं. प्रॅचेट माझे लाडके, पण या बाबतीत मी पूर्ण त्यांच्या बाजूची नाही. शेकडो व्हाउचर डोळ्यांखालून घातलेल्या कोणालाही विचारा.

जाता जाता पर्सी वीझलीची बाजू घेते, कारण ती कोणी घेत नाही. हॅरी पॉटरच्या चौथ्या भागात हा नवा-नवा नोकरीला लागलेला मुलगा घरी बसून जादूच्या कढयांच्या बुडाच्या जाडीवर अहवाल लिहीत असतो, आणि सगळं घर त्याला हसतं. आयात कढया जरा पातळ येतात आणि गळतीचं प्रमाण वर्षाला जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतंय, असं तो तळमळून सांगतो. हसा. पण उकळतं विषारी रसायन ज्याच्या पायावर सांडेल तो हसणार नाही. पर्सीचे पुढचे उद्योग माफीलायक नाहीत, तो अहवाल मात्र गरजेचा होता.

ज्या कामाचं व्हाउचर कधीच बनत नाही त्याची कादंबरी ले ग्विन यांनी १९९० साली लिहिली. अर्थसीचा तिसरा भाग १९७२ सालचा, 'तेहानू' त्यानंतर अठरा वर्षांनी आला, आणि पुष्कळ जुने वाचक चिडले. त्यांचा महाचेटका गेड इथे ड्रॅगनच्या पाठीवरून अर्धमेला परततो तो सगळी शक्ती गमावून. मग तो बकऱ्या राखतो. घरात दरोडेखोर शिरतात तेव्हा त्याच्या हातात मंत्र नसतो, गवताचा दाताळ असतो. कादंबरी चालते टेनारच्या भोवती. एकेकाळची पुजारीण, आता शेतकऱ्याची विधवा. ती भाजलेल्या पोरीला सांभाळते, सूत कातते, रांधते, आवरते. परदेशी गेलेला मुलगा परत येतो, जेवतो आणि ताट तसंच टाकून उठतो. ती त्याला ताट उचलायला सांगते, तो म्हणतो हे बायकांचं काम. आपण कुठे कमी पडलो, असा विचार टेनारच्या मनात येतो. साऱ्या अर्थसीत मला सर्वांत भीतिदायक वाटलेलं पान हे आहे, ती सावली नव्हे. आधीच्या तीन पुस्तकांत चेटके शिकत होते, जगाचा तोल राखत होते, तेव्हा त्यांची ताटं कोण उचलत होतं? चिडलेल्या वाचकांना बहुधा ही थकबाकी काढलेली आवडली नाही. मला ती उशिरा लागलेली, पण अचूक नोंद वाटते.

आणि एक नोंद अजून लागायची आहे. अंगठीचं युद्ध संपल्यावर सॅम घरी येतो, लग्न करतो आणि पुढे शायरचा, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाचा, महापौर होतो. निवडणूक दर सात वर्षांनी. सॅम लागोपाठ सात वेळा निवडून आला, म्हणजे एकोणपन्नास वर्षं. टोल्कीन यांच्या प्रस्तावनेत म्हटलंय, की महापौराचं मुख्य काम मेजवान्यांचं अध्यक्षपद, पण त्याच पदाला पोस्टमास्टर आणि रखवालदारांचा प्रमुख ही दोन खाती जोडलेली होती. हॉबिटांना पत्रं लिहायची हौस दांडगी, त्यामुळे टपालाचा भार चांगलाच असणार. त्या एकोणपन्नास वर्षांवर परिशिष्टातल्या काही ओळींपलीकडे काहीही नाही. प्रॅचेट यांनी २००४ साली 'गोइंग पोस्टल' लिहून एका मोडकळीला आलेल्या पोस्ट खात्याची कादंबरी होऊ शकते हे सिद्ध केलंय, तेव्हा विषय नाही असं कोणी म्हणू नये. मला ते पुस्तक हवंय. सॅमने टपालाचे मार्ग कसे आखले, पावसाळ्यात पत्रं भिजू नयेत म्हणून काय केलं, पोस्टाची भांडी-कुंडी, घोडी, थैल्या यांची यादी कोण ठेवत होतं, आणि सात कार्यकाळांच्या त्या हिशेबांवर शेवटी तपासनीस म्हणून सही कोणाची होती?